शालेय बुद्धिबळ स्पर्धा: पत्रक काढण्यापासून अंतिम क्रमवारीपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

नाशिकमधल्या शाळांच्या आणि मंडळांच्या बुद्धिबळ स्पर्धांत पंचांच्या टेबलाशी येणाऱ्या तक्रारी त्याच त्या असतात. ‘त्याने आधी घोड्याला हात लावला होता.’ ‘मी त्याचा राजा मारला, म्हणजे मी जिंकलो ना?’ ‘माझी मुलगी जिंकली आणि भिंतीवर तिच्या नावापुढे शून्य लागलंय.’ मुलांना चाली येतात, ओपनिंगमधले सापळेही पाठ असतात. कुठली गोष्ट आधी करायची आणि कुठली नंतर, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. पुष्कळदा आयोजकांनीही ते ठरवलेले नसते.

हा लेख क्रीडाशिक्षक, आयोजक आणि पहिल्यांदा मुलाला स्पर्धेला नेणारे पालक यांच्यासाठी आहे. नियम फिडेच्या म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमावलीतले आहेत. एका रविवारात संपणाऱ्या शालेय स्पर्धा जवळपास सगळ्या जलद म्हणजे रॅपिड प्रकारच्या असतात, म्हणून नियम त्या प्रकाराला लागू होतात तसेच दिले आहेत.

## टप्पा १: पत्रक काढण्याआधी ठरवायच्या गोष्टी

वयोगट. सगळ्यात जास्त फोन याच मुद्द्यावर येतात. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचे गट ७, ९, ११, १३, १५, १७ आणि १९ वर्षांखालील असे विषम आकड्यांचे असतात. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. दोन्हींची सरमिसळ करू नका. आपली स्पर्धा महासंघाच्या पद्धतीने असेल तर वय त्या वर्षाच्या १ जानेवारीला मोजायचे. म्हणजे २०२६ सालच्या स्पर्धेत १३ वर्षांखालील गटात १ जानेवारी २०१३ किंवा त्यानंतर जन्मलेली मुले बसतात. मुलाला स्पर्धेच्या दिवशी तेरावे पूर्ण झालेले असले तरी चालते. पालक नेमके इथेच गोंधळतात, म्हणून पत्रकात ‘१३ वर्षांखालील’ एवढेच न छापता जन्मतारीखही छापा. शासकीय शालेय स्पर्धेसाठी मात्र त्या वर्षीच्या परिपत्रकातली तारीखच धरायची.

वेळ आणि फेऱ्या. या दोन गोष्टी एकत्र ठरवाव्या लागतात. प्रत्येकी १० मिनिटांपेक्षा जास्त आणि ६० मिनिटांपेक्षा कमी वेळ असेल तर तो डाव रॅपिड. चालीमागे वाढीव सेकंद मिळत असतील तर ते ६० चालींचे धरून हा वेळ मोजतात. शालेय गटाला १५ मिनिटे अधिक प्रत्येक चालीला ५ सेकंद हे चांगले बसते. त्याचा हिशेब असा: ६० चालींचा डाव म्हणजे प्रत्येकी २० मिनिटे, दोघांची मिळून ४०. एखादा डाव १०० चालींपर्यंत लांबला तरी दोघांची मिळून साधारण ४७ मिनिटे होतात. म्हणून दोन फेऱ्यांच्या सुरुवातीत ६० मिनिटांचे अंतर ठेवा. उरलेल्या वेळात निकाल नोंदवणे, पेअरिंग म्हणजे पुढच्या फेरीच्या जोड्या काढणे, ती लावणे आणि मुलांना जागेवर बसवणे हे सगळे करायचे असते. ‘४५ मिनिटांत होईल’ असे धरलेली स्पर्धा दुपारी तीननंतर हमखास कोलमडते.

किती फेऱ्या, तर ३२ खेळाडूंपर्यंत ५, ६४ पर्यंत ६, १२८ पर्यंत ७. सहा फेऱ्या आणि तासाभराची जेवणाची सुट्टी धरली, साडेनऊला पहिली फेरी सुरू झाली, तर साडेचारला खेळ संपतो. सिन्नर, निफाड, इगतपुरीकडून येणारी मुले असतील तर यापेक्षा उशिरापर्यंत ताणू नका.

पत्रकात छापायच्याच अशा चार ओळी. किती मिनिटे उशीर झाला की डाव गेला. गुण समान झाल्यास कोणते टायब्रेक, कोणत्या क्रमाने. एका खेळाडूला दोन बक्षिसे लागू होत असतील तर कोणते द्यायचे. आणि एकाच शाळेच्या मुलांची एकमेकांशी गाठ पडू शकते का.

या चौथ्या ओळीवर जरा थांबायला हवे. स्विस पद्धतीत शाळा बघितली जात नाही. समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, आणि एका शाळेची वीस मुले आली असतील तर त्यांच्यात गाठ पडणारच. ‘आमचीच मुलं आमच्याशी का लावली?’ म्हणून ऐन फेरीत पेअरिंग बदलायला लावणारे पालक भेटतात. एकदा बदलली की पुढच्या प्रत्येक फेरीत बदलाची मागणी येते आणि ती नाकारायला तुमच्याकडे कारण उरत नाही. पत्रकात लिहिलेले असेल तर बोट दाखवता येते.

> तपासा: पत्रक छापायला देण्याआधी मुख्य पंचांनी ते वाचले आहे का? बक्षिसांचा तक्ता बहुधा प्रायोजकाच्या सोयीने बनतो आणि नियमांशी जुळत नाही.

## टप्पा २: साहित्य आणि हॉल

पट ५ ते ६ सेंटिमीटरच्या घरांचा आणि राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच, हे प्रमाण माप आहे. घरून आणलेले चुंबकाचे छोटे पट स्पर्धेत वापरू नका. मोहरे सरकतात आणि वाद वाढतात. प्रत्येक पटाशी दोन्ही रंगांचा एकेक जादा वजीर ठेवा. तो का, ते टप्पा ६ मध्ये येईल.

घड्याळे आदल्या दिवशीच लावून बघा. सेल बदला. प्रत्येक घड्याळात वाढीव ५ सेकंद पहिल्या चालीपासून मिळतात का, हे दोन-तीन चाली दाबून पाहा. मिनिटे बरोबर आणि वाढीव वेळ शून्य, अशी लावलेली घड्याळे डाव रंगात आल्यावर लक्षात येतात आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. सगळी घड्याळे एकाच बाजूला ठेवा, म्हणजे रांगेतून चालताना पंचांना सगळी वेळ दिसते. घड्याळ कोणत्या बाजूला हे पंच ठरवतात, खेळाडू नव्हे. डावखुऱ्या मुलाच्या पालकांना हे आधीच समजावून सांगा.

पटांना क्रमांक लावा आणि क्रमांकाचा कागद चिकटपट्टीने टेबलाला लावा, पटाला नको. पांढऱ्या मोहऱ्यांची सगळी बाजू हॉलच्या एकाच दिशेला ठेवा. मुले निम्म्या वेळात जागेवर बसतात.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी नाशिकच्या मोठ्या हॉलमध्ये बोटे आखडतील इतकी थंडी असते. उन्हाची बाजू कोणती, खिडक्या बंद होतात का, हे आदल्या दिवशी बघून ठेवा. लहान गट उबेच्या बाजूला बसवा.

पालकांची जागा वेगळी हवी, आणि ती अशी हवी की तिथून पट दिसत नाही. खिडकीला लागून खुर्च्या ठेवल्या तर खिडकीतून खुणा होणारच.

## टप्पा ३: नावनोंदणी आणि सकाळची हजेरी

१. नोंदणी दोन दिवस आधी बंद करा. जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाइड नोंदणीच्या वेळीच घ्या. बक्षीस देताना कागद मागणे मुलालाही लाजवणारे असते.

२. यादी फिडे रेटिंगप्रमाणे लावा. रेटिंग नसलेले त्याखाली, नावाच्या आद्याक्षरानुसार. ही यादी आदल्या संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका आणि नाव, जन्मतारीख, गट तपासायला सांगा.

३. सकाळी हजेरी घ्या. पहिल्या फेरीची पेअरिंग हजर मुलांचीच काढायची. ‘द्वारका चौकात अडकलोय, पाच मिनिटांत पोचतो’ असा फोन आला तर नाव ठेवा, पण उशिराची मर्यादा त्यालाही लागू आहे हे तिथेच सांगा. फोनच आला नाही तर नाव काढा. न आलेल्या मुलासमोर बसून कुठल्या तरी लेकराची पहिली फेरी वाया जाते, ते टाळायचे.

> सावधान: कागदावर हाताने पेअरिंग काढू नका. तीस-चाळीस मुलांतही तिसऱ्या फेरीपर्यंत रंगांचा हिशेब चुकतो. बहुतेक पंच स्विस मॅनेजर हे सॉफ्टवेअर वापरतात, आणि निकाल चेस रिझल्ट्स या संकेतस्थळावर चढवले की पालकांची टेबलाशी होणारी गर्दी कमी होते.

## टप्पा ४: पहिल्या फेरीआधीची पंधरा मिनिटे

स्पर्धेतली ही सगळ्यात मोलाची पंधरा मिनिटे आहेत, आणि उद्घाटनाच्या भाषणात तीच जातात. पाहुणे बोलावणार असाल तर त्यांना बक्षीस समारंभाला बोलावा.

मुख्य पंचांनी मुलांना उभ्या उभ्या नियमांची यादी वाचून दाखवून काही होत नाही. दोन मुलांना समोरच्या पटावर बसवा आणि चार गोष्टी करून दाखवा: घड्याळ कसे दाबायचे, घड्याळ कसे थांबवायचे, हात कसा वर करायचा, निकालाची चिठ्ठी कशी भरायची. मग सगळ्यांना आपापल्या पटावर घड्याळ एकदा थांबवून पुन्हा सुरू करायला लावा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या शाळांमधून येणारी कित्येक मुले खेळायला तयारीची असतात, पण त्यांनी डिजिटल घड्याळ हाताळलेले नसते. पहिल्या दोन फेऱ्यांत ती चाल करून बसून राहतात, घड्याळ दाबतच नाहीत, आणि जिंकत आलेला डाव वेळेवर जातो. हे त्यांच्या बुद्धिबळाचे अपयश नाही. शक्य असेल तर अशा मुलांना अर्धा तास आधी बोलावून घड्याळावर एक सराव डाव खेळू द्या.

मोबाइल आणि स्मार्ट घड्याळे पालकांकडे द्यायची. हातातले पावले मोजणारे घड्याळही काढायला सांगा. खेळाच्या जागी खेळाडूच्या अंगावर परवानगी नसलेले इलेक्ट्रॉनिक उपकरण सापडले तर नियमाप्रमाणे डाव जातो, आणि ही शिक्षा नऊ वर्षांच्या मुलाला देण्याची वेळ कोणावर येऊ नये. म्हणून प्रत्येक फेरीआधी विचारा.

डाव सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाने बघायच्या चार गोष्टी:

- उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर आहे ना?
- वजीर आपल्या रंगाच्या घरात आहे ना?
- भिंतीवरच्या यादीत मला जो रंग लागला आहे तोच माझ्यासमोर आहे ना?
- घड्याळावर दोन्ही बाजूंना समान वेळ दिसते ना?

राजा-वजिराची अदलाबदल लहान गटात जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत होते. रॅपिडमध्ये दोघांच्या दहा-दहा चाली झाल्या की चुकीच्या मांडणीबद्दल तक्रार करता येत नाही. डाव तसाच पुढे चालतो, आणि राजा चुकीच्या घरात होता म्हणून त्याला कॅसलिंगही (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) करता येत नाही. रंग उलटे घेऊन खेळायला बसले असतील तर दोघांच्याही दहा चाली होण्याआधी लक्षात आल्यास नवा डाव, त्यानंतर आहे तोच डाव पुढे.

## टप्पा ५: चाल, घड्याळ, कागद

क्रम एकच: एका हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ, मग लिहिणे.

उजव्या हाताने चाल आणि डावा हात घड्याळावर तयार, ही सवय मुलांना ऑनलाइन खेळातून नाही, घरच्या घाईच्या डावांतून लागते. पंचांनी पहिल्या फेरीत प्रेमाने सांगावे, दुसऱ्या फेरीपासून ताकीद द्यावी. कॅसलिंग करताना राजा एका हाताने आणि हत्ती दुसऱ्या हाताने उचलून घड्याळ दाबले तर ती बेकायदा चाल केल्यासारखीच धरली जाते, आणि शिक्षाही तीच.

कॅसलिंगमध्ये आधी राजा, मग हत्ती. आधी हत्तीला हात लावला आणि मग राजाला, तर त्या चालीत त्या बाजूला कॅसलिंग होत नाही. हत्तीच खेळावा लागतो. शिकवताना हे एकदा सांगून भागत नाही. रोजच्या सरावात चुकीच्या क्रमाने केलेले कॅसलिंग परत करायला लावा.

रॅपिडमध्ये चाली लिहिण्याची सक्ती नाही, पण कागद मागितला तर पंचांनी द्यायचा असतो. लिहायचे तर चाल झाल्यावर. आधी चाल लिहून मग विचार करत बसणे नियमात बसत नाही.

‘शह’ म्हणणे बंधनकारक नाही. नाशिकच्या ग्रँडमास्टर विदित गुजराथीचे डाव यूट्यूबवर लावून बघा, शह देताना कोणी तोंडाने बोलत नाही. समोरच्याने ‘शह’ म्हटले नाही म्हणून मी राजा हलवला नाही, ही तक्रार ऐकून घेता येत नाही.

> तपासा: मुलाला तहान लागली, लघवीला जायचे आहे, तर काय करायचे हे त्याला सांगितले आहे का? स्वतःची चाल असताना पंचांच्या परवानगीशिवाय खेळाची जागा सोडता येत नाही. चाल करा, घड्याळ दाबा, हात वर करा, विचारून जा.

## टप्पा ६: हात लागला, चुकीची चाल झाली: इथेच भांडणे होतात

हात लावला की खेळायचे. आपल्या मोहऱ्याला मुद्दाम हात लावला आणि त्याची कायदेशीर चाल शक्य असेल, तर तोच खेळायचा. समोरच्याच्या मोहऱ्याला हात लावला आणि तो मारता येत असेल, तर मारायचा. मोहरा घरात नीट करायचा असेल तर आधी ‘अॅडजस्ट’ म्हणायचे, मग हात लावायचा, आणि तेही आपली चाल असतानाच. हात लावून झाल्यावर म्हटलेले ‘अॅडजस्ट’ धरत नाहीत. बाहीचा धक्का लागून मोहरा पडला तर तो हात लावणे नव्हे. आपल्या वेळेत उचलून जागेवर ठेवायचा.

तक्रार करायची असेल तर क्रम असा: स्वतःच्या मोहऱ्याला हात लावायचा नाही, घड्याळ थांबवायचे, हात वर करायचा. रागाने उत्तराची चाल केली किंवा नुसता मोहरा धरला, की तक्रारीचा हक्क गेला. पंच आल्यावर ओरडून बोलायचे नाही. कोणत्या मोहऱ्याला हात लागला एवढेच सांगायचे. पंचांनी पाहिले नसेल आणि समोरचा नाकबूल असेल, तर बहुतेक वेळा डाव आहे तसा चालू ठेवण्यावाचून पंचांना इलाज नसतो. म्हणून तक्रार त्याच क्षणी हवी, दोन चालींनंतर नको.

बेकायदा चाल. घड्याळ दाबेपर्यंत बेकायदा चाल पूर्ण झालेली नसते. घड्याळ दाबायच्या आत लक्षात आले तर दुरुस्त करता येते. फक्त हात लावलेलाच मोहरा खेळायचा, शक्य असेल तर. घड्याळ दाबले की चूक पूर्ण झाली. पहिल्या चुकीला समोरच्याला दोन मिनिटे जादा. त्याच खेळाडूकडून दुसऱ्यांदा चूक झाली तर डाव गेला. समोरच्याकडे मात देता येईल इतके मोहरेच नसतील, तर बरोबरी. काही वर्षांपूर्वीपर्यंत रॅपिडमध्ये पहिल्याच चुकीला डाव जात असे, आणि ज्या पालकांना ते आठवते ते अजून तसाच आग्रह धरतात. आज तो नियम नाही.

आता तो राजा मारण्याचा प्रश्न. समोरच्या मुलाने शहात राजा तसाच ठेवून घड्याळ दाबले. आपल्या मुलाला राजा मारता येतोय. तो आनंदाने राजा उचलतो, घड्याळ दाबतो आणि ‘जिंकलो’ म्हणतो. पण बुद्धिबळात राजा मारला जात नाही. राजा मारणे ही स्वतःच एक बेकायदा चाल आहे, आणि शिक्षा आता त्याला होते. बरोबर क्रम असा: राजाला हात लावायचा नाही, काहीच खेळायचे नाही, घड्याळ थांबवायचे, हात वर करायचा, ‘बेकायदा चाल’ एवढे म्हणायचे. आपण उत्तराची चाल केली की समोरच्याची चूक पचली. लहान गटाच्या प्रशिक्षकांनी हा प्रसंग मुद्दाम पटावर मांडून प्रत्येक मुलाकडून करून घ्यावा.

प्याद्याचा वजीर. प्यादे शेवटच्या घरात ठेवले आणि मोहरा न बदलता घड्याळ दाबले, तर ती बेकायदा चाल. प्याद्याच्या जागी वजीर ठेवला जातो आणि शिक्षाही होते, मुलाच्या मनात घोडा करायचा असला तरी. क्रम असा: प्यादे, वजीर, मग घड्याळ. वजीर जवळ नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागायचा. हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणण्याची घरची पद्धत स्पर्धेत चालत नाही. उलटा हत्ती हा हत्तीच. २०१७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या टायब्रेकमध्ये निकोलाय नोरित्सिन या खेळाडूने घाईत हत्ती उलटा ठेवला, आणि पंचांनी तो हत्तीच धरला. विजेतेपद समोरच्या बातोर साम्बुएवकडे गेले. जादा वजीर प्रत्येक पटाशी ठेवायचा तो यासाठी.

> सावधान: शेजारच्या पटावर चूक दिसली तर इतर खेळाडूंनी, शिक्षकांनी किंवा पालकांनी खेळाडूशी बोलायचे नाही. सांगायचेच असेल तर फक्त पंचांना. ‘अरे, त्याची वेळ संपली’ असे बाहेरून म्हणणेही ढवळाढवळच.

## टप्पा ७: वेळ संपणे आणि बरोबरी

वेळ संपल्याचे खेळाडू सांगू शकतो, पंचांनी पाहिले तर पंचही सांगतात. समोरच्याची वेळ संपली की आपण जिंकतो. फक्त कायदेशीर चालींच्या कोणत्याही क्रमाने आपल्याला मात देणे शक्यच नसेल, उदाहरणार्थ आपल्याकडे नुसता राजा उरला असेल, तर बरोबरी. आपल्याकडे एक प्यादे जरी असले तरी मात शक्य असते, म्हणून डाव आपला. इथे पंचांनी ‘तो कुठे मात देणार होता’ असा विचार करायचा नसतो.

बरोबरी विचारण्याचा क्रम: आपली चाल करा, ‘ड्रॉ?’ विचारा, मग घड्याळ दाबा. समोरचा विचार करत असताना पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे त्रास देणे, आणि पंच त्यावर कारवाई करू शकतात.

तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्यावर बरोबरीचा दावा करता येतो. मुले दोन गोष्टी चुकतात. चाली सलग तीनदा तशाच व्हायला हव्यात असे त्यांना वाटते. तसे नाही, मध्ये दुसऱ्या चाली झाल्या तरी चालते, स्थिती आणि चालीची पाळी तीच हवी. दुसरी चूक म्हणजे चाल करून, घड्याळ दाबून मग दावा करणे. माझ्या पुढच्या चालीने तिसरी वेळ येणार असेल तर ती चाल कागदावर लिहायची, पटावर करायची नाही, घड्याळ थांबवायचे आणि पंचांना बोलवायचे. दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटे जादा मिळतात. पाचव्यांदा तीच स्थिती आल्याचे पंचांना आढळले तर दाव्याची गरज नाही, डाव बरोबरीत संपतो.

स्टेलमेट झाल्यावर हरल्यासारखी उठून जाणारी मुलेही असतात. चाल उरली नाही आणि शह नाही, तर अर्धा गुण आहे. शंका असेल तर मोहरे न हलवता पंचांना बोलवा.

## टप्पा ८: निकाल नोंदवणे

डाव संपला. मोहरे लगेच विस्कटू नका. आधी दोघांनी एकमेकांना स्पष्ट शब्दांत विचारायचे, ‘कोण जिंकलं?’ की ‘बरोबरी?’. नुसता हात मिळवला तर एकाच्या मनात बरोबरी असते आणि दुसऱ्याच्या मनात विजय. मग निकालाच्या चिठ्ठीवर लिहायचे.

चिठ्ठीवर आधी पांढऱ्याचा गुण, मग काळ्याचा. काळ्याने खेळून जिंकलेला मुलगा ‘मी जिंकलो’ म्हणून ‘१-०’ लिहितो, समोरचा न वाचता सही करतो, आणि भिंतीवर उलटा निकाल लागतो. म्हणून चिठ्ठीवर आकड्यांच्या खाली ‘जिंकणाऱ्याचे नाव’ अशी एक ओळ छापा. आकडा आणि नाव जुळत नसेल तर टेबलावरच्या माणसाने मुलांना तिथेच थांबवायचे. दोघांनी मिळून सही करून चिठ्ठी टेबलाशी आणायची, एकट्याने नाही. दोघांनी सही केलेला निकाल पंचांनी वेगळे ठरवेपर्यंत कायम राहतो, मग पटावर काही का घडलेले असेना.

मग मोहरे पुन्हा मांडायचे, खुर्च्या सरकवायच्या आणि हॉलबाहेर जायचे. डावाची चर्चा बाहेर.

> तपासा: निकाल लावल्यावर चुका सांगायला मुदत द्या, आणि ती पुढच्या पेअरिंगच्या आधी संपू द्या. पुढची फेरी सुरू झाल्यावर मागचा निकाल दुरुस्त केला तरी झालेल्या गाठी बदलता येत नाहीत.

## टप्पा ९: पुढची पेअरिंग, बाय, गैरहजेरी

पालकांना दोन गोष्टी समजल्या की निम्मे प्रश्न मिटतात. एक, समान गुणांचे खेळाडू शक्यतो एकमेकांसमोर येतात आणि कोणतीही दोन मुले दुसऱ्यांदा एकमेकांशी खेळत नाहीत. दोन, रंग आलटून-पालटून देण्याचा प्रयत्न असतो, पण सलग दोनदा काळे मोहरे येऊ शकतात. सलग तिसऱ्यांदा तोच रंग सहसा टाळला जातो.

खेळाडूंची संख्या विषम असेल तर एकाला बाय मिळतो. त्याला पूर्ण गुण मिळतो आणि रंग मोजला जात नाही. त्याच मुलाला बाय पुन्हा देत नाहीत. तो सहसा तळाच्या गुणांवरच्या मुलाला मिळतो. खेळायला आलेले मूल तासभर बसून राहते हे मात्र वाईट दिसते. अशा वेळी त्याला शिक्षकांशी किंवा मोठ्या गटातल्या कोणाशी एक मैत्रीचा डाव खेळायला बसवा.

जेवणाच्या सुट्टीनंतरची फेरी सगळ्यात जास्त वेळा उशिरा सुरू होते. रविवार असतो, कुटुंबे मिसळ खायला गंगापूर रोडला जातात आणि रांगेत अडकतात. जेवणानंतरच्या फेरीची वेळ हॉलच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा आणि घड्याळ ठरल्या वेळेलाच सुरू करा. पत्रकात लिहिलेली उशिराची मर्यादा इथे सर्वांना सारखी लागू करा.

मध्येच घरी जायचे असेल तर फेरी संपताच टेबलाशी सांगायचे, पुढची पेअरिंग निघण्याआधी. न सांगता गेलेल्या मुलाचे नाव त्यापुढच्या फेरीला काढून टाका.

## टप्पा १०: अंतिम क्रमवारी आणि बक्षिसे

शालेय स्पर्धेसाठी टायब्रेकचा हा क्रम सोपा पडतो: आपसातला निकाल, बुखोल्झ कट १, बुखोल्झ, जास्त विजय. पालकांना बुखोल्झ समजावताना शब्दांपेक्षा उदाहरण कामाला येते. दोन मुलींचे ६ पैकी ५ गुण आहेत आणि त्या एकमेकींशी खेळलेल्या नाहीत. पहिलीच्या प्रतिस्पर्ध्यांचे स्पर्धेअखेरचे गुण ५, ४, ४, ३.५, ३ आणि २. बेरीज २१.५. दुसरीच्या प्रतिस्पर्ध्यांचे ४.५, ४, ४, ३, ३ आणि १. बेरीज १९.५. कट १ म्हणजे सगळ्यात कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळायचा: पहिलीचे १९.५, दुसरीचे १८.५. पहिली वर, कारण ती जास्त गुण मिळवणाऱ्यांशी खेळली. हे एवढेच गणित फलकावर लिहून दाखवा, बहुतेक पालक समजून घेतात.

टायब्रेकचा क्रम शेवटच्या फेरीनंतर बदलायचा नाही, कोणाचेही मूल खाली आले तरी. पत्रकात दोन्ही बक्षिसांसाठी पात्र ठरलेल्याला मोठे बक्षीस, असे छापले असेल तर गटवार यादी करताना आधी मुख्य बक्षिसे काढा, ती नावे वगळा, मग वयोगटाची आणि मुलींची बक्षिसे लावा. हा क्रम उलटला की चषकावर चुकीचे नाव जाते.

अंतिम यादीवर मुख्य पंचांची सही घ्या, वेळ टाका आणि ती पंधरा मिनिटे भिंतीवर राहू द्या. निकालाच्या चिठ्ठ्या फेरीनिहाय दोरीने बांधून टेबलावरच ठेवा. हरकत आली तर चिठ्ठी काढून दाखवायची. पंधरा मिनिटे पूर्ण होईपर्यंत पाहुण्यांना मंचावर बोलावू नका.